खालून दिलेला रंग

"बॅटरी वर धर," मामा गाडीखालून म्हणाले. "माझ्या डोळ्यात नगं मारू. वर. आणखी वर."

मी गुडघे टेकून, गाल जवळजवळ जमिनीला लावून बसले होते. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात सावरलेला पदर. त्याचं टोक तरीही तेलात भिजलंच. मामा म्हणजे माझे सासरे, केरबा चौगले. कोल्हापूरहून एस.टी.नं नुकतेच उतरले होते आणि अंगावरचं धुवट धोतरही न बदलता थेट गाडीखाली शिरले होते. आमच्या घरात पितळेच्या तांब्यावर डाग चालत नसे, तो हा माणूस.

गाडी म्हणजे त्यांची जुनी व्हॅन. लांब नाकाची, गोल डोळ्यांची. तरुणपणी कुठल्याशा दवाखान्याच्या लिलावात घेतलेली. दारावरचा रंग जिथं उडाला होता तिथून लाल फुलीचा एक हात अजून डोकवायचा. कळे गावात तिला सगळे म्हातारी म्हणायचे. या म्हातारीच्या मागच्या डाव्या चाकातून तेल गळत होतं, आणि याच गळतीनं माघात माझा नवरा नेला होता.

मागच्या ॲक्सलच्या नळकांड्यात तेल असतं. ते चाकाकडं येऊ नये म्हणून टोकाला रबराचं सील बसवतात. सील गेलं की तेल ब्रेकच्या ड्रममध्ये उतरतं, आतले लायनर भिजतात आणि त्या चाकाचा ब्रेक लागत नाही. हे मला कुणी शिकवायला नको होतं. माझ्या वडलांचं बांबवड्याला गॅरेज. मी चूल फुंकायच्या आधी कार्बोरेटर फुंकलाय. वडील गेल्यावर गॅरेज माझ्या थोरल्या भावानं, आनंदादादानं चालवलं, आणि माझं लग्न झाल्यापासून म्हातारीचं सगळं काम त्याच्याकडंच असायचं. पाव्हण्याची गाडी म्हणून तो इतर कामं बाजूला ठेवून करायचा.

आदल्या दसऱ्यानंतर ही गळती सुरू झाली. दादानं सील बदललं. महिन्याभरात पुन्हा तेल. पुन्हा बदललं. "आता गळालं तर माझी मिशी काढीन," असंही म्हणाला होता. मग माघात आमचे हे, जयवंत, गुळाच्या ढेपा भरून करूळ घाट उतरत होते. एका वळणावर मागचं डावं चाक धरलंच नाही, गाडी फिरली, दार उघडलं. गाडी कठड्याला अडकून राहिली. हे राहिले नाहीत.

दादा माहेरचा दुखवटा घेऊन आला तेव्हा माझ्या सासूनं, आत्तींनी, त्याच्या हातातली साडी ओढून अंगणात फेकली.

"माझ्या पोराला खाऊन आता हिला नेसवायला आलास व्हय रं?"

मामा एवढंच म्हणाले, "या दारात पुन्ना पाय ठेवू नगंस. आणि हीबी तिकडं यायची न्हाई."

दादानं साडी उचलली, झटकली, घडी घातली आणि गेला. मी काही बोलले नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, असं लोकांना वाटलं असेल. खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं. सील त्याच्याच हातचं होतं ना! रात्री नवऱ्यासाठी रडायचं की भावावर जळायचं हे मला कळत नव्हतं, आणि दोन्ही एकदम करता येत नव्हतं.

त्यानंतर मामांचा मिस्त्री या जातीवरचा विश्वासच उडाला. पत्रा तेवढा कोल्हापुरात ठोकून आणला. सील मात्र स्वतः बसवायचं ठरवलं. चाक उतरवलं, ड्रम काढला, मला पाने द्यायला बसवलं. आता गाडी चालली तर चूल पेटणार होती, हे तर होतंच. पण त्याहून त्यांना दाखवायचं होतं, की नीट बसवलेलं सील गळत नाही.

ते गळलं. त्यांनी दुसरं आणलं, बसवलं, गाडी घाटाच्या तोंडापर्यंत फिरवून आणली. डाव्या चाकाखाली पुन्हा काळा ओघळ.

"मामा, आता कुणाला दारातनं हाकलायचं?" माझ्या तोंडून निघून गेलं.

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी पाने गोळा करून आत गेले. पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. ज्याचं सील गळलं तो खुनी, तर मग आता हे कोण?

त्या दिवशी ते तिसरं सील आणायला कोल्हापूरला गेले होते. नवरात्र सुरू होतं, खंडेनवमी तोंडावर आली होती. पडवीत काळ्या रंगाचा डबा आणि ब्रश तयार होता. खंडेनवमीला सगळेच गाड्या धुतात, हार घालतात, नारळ फोडतात. मामा त्याच्याही पुढचे. ते गाडीखाली झोपून चासीस, पाटे, ॲक्सल, सगळं काळ्या ऑइलपेंटनं रंगवायचे. एक हात नाही, दोन-दोन हात. कुणी हसलं तर म्हणायचे, "माणसं गाडी वरनं बघत्यात. देव खालनं बघतो."

तर आता ते गाडीखाली होते आणि त्यांचा अंगठा ॲक्सलच्या मधल्या गोळ्यावर, वरच्या अंगाला काहीतरी चाचपत होता. ब्रेकच्या नळीमागं हात जेमतेम पोचत होता. अंगठा थांबला. मग त्यांनी नखानं खरवडलं. काळी साल निघाली आणि खाली पितळेचा एक बारका पिवळा ठिपका चमकला.

"काय हाय मामा?"

त्यांनी त्या ठिपक्यावरून अंगठा पुन्हा फिरवला.

"मामा?"

"बॅटरी बंद कर," ते म्हणाले. "सेल जात्यात उगीच."

बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात नवीन सीलची पुडी तशीच होती. ती त्यांनी कोनाड्यात ठेवली. हात धुतले. पुन्हा धुतले. आत्तींनी जेवायला हाक मारली तर पोटात बरं नाही म्हणाले आणि उंबऱ्यावर बसून राहिले.

दुपारी ते देवळाकडं गेले तशी मी बॅटरी घेऊन गाडीखाली शिरले. ते काय आहे हे मला बघताक्षणी कळलं. लहानपणी वडील मला असल्या टोप्या घासलेटात घासायला द्यायचे. बोराएवढी पितळी टोपी, तिला बारीक भोकं. गाडी चालून तेल तापलं की आतली हवा फुगते, ती या टोपीतून बाहेर पडते. टोपी बुजली तर हवा कोंडते आणि तेलाला ढकलत सीलवर चाल करून जाते. मग कुणाच्याही हातचं, कितीही महागाचं सील घाला. ते गळणारच.

टोपी बुजली होती. चिखलानं नाही. काळ्या, गुळगुळीत, दोन हात दिलेल्या रंगानं. नळीमागं इतक्या आत ब्रश एरवी पोचत नसणार, गेल्या खंडेनवमीला पोचला होता.

मी तिथंच उताणी पडून राहिले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथं तर चोरही नव्हता. एक म्हातारा देवासाठी गाडी रंगवत होता. मला त्या रंगाचा इतका राग आला की नखांनी सगळा ओरबाडून काढावा. पण काढला तर पुरावा जाईल, असंही वाटलं. माझ्या भावाचं नाव त्या काळ्या सालीखाली अडकलं होतं आणि माझं माहेरही.

आता मामा काय करतात एवढंच बघायचं होतं. रंगाचा डबा पडवीत होताच. अजून एक हात दिला की झालं.

सकाळी ते मला म्हणाले, "पिशवी भर. बांबवड्याला जायचंय."

आत्ती चुलीपुढून उठल्या. "कुणाच्या दारात?"

"हिच्या भावाच्या."

"आणि कशापायी?"

"गाडीचं काम हाय."

आत्तींनी हातातली फुंकणी आपटली. मामा थांबले नाहीत. मी चार लुगडी भरली. आदल्या दिवशी मी गाडीखाली गेले होते हे मामांना कळलं असणार आणि आता साक्षीदाराला माहेरी नेऊन टाकणार, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं. विधवा सून तिकडं, गाडी इकडं, रंग वर. गाडीत चढायच्या आधी मी चप्पल नीट करायच्या निमित्तानं वाकून पाहिलं. रंग तसाच होता. नखाचा एक ओरखडा, बाकी तसाच. मला काही उमजेना.

कोतोलीवरून बांबवडं जवळ. पण मामांनी मुद्दाम लांबचा, चढाचा रस्ता धरला. उतारावर ते ब्रेकला पाय लावत नव्हते, दुसऱ्या गिअरमध्ये गाडी रडवत नेत होते. प्रत्येक वळणाला मी दाराची कडी घट्ट धरत होते. ते दार एकदा उघडलेलं होतं.

"मामा, जवळचा रस्ता सोडून हिकडनं कशाला?"

"गाडी तापली पायजे."

"ब्रेक न्हाई धड आणि गाडी कसली तापवताय?"

"तापू दे."

मग मला राहवलं नाही. "मी बी बघितलंय मामा. मला बी डोळं हायती. मला तिकडं टाकून आलासा म्हणून ते झाकायचं न्हाई."

त्यांनी स्टिअरिंगवरचा हात काढून डोळ्यांवरून फिरवला. "टाकाय न्हाई चाललो, पोरी," एवढंच म्हणाले.

दादाचं गॅरेज मी वर्षभरात पाहिलं नव्हतं. पाटी उतरली होती. जिथं गाड्या उभ्या राहायच्या तिथं कडब्याच्या पेंढ्या रचल्या होत्या आणि एक म्हैस बांधली होती. दादा तिला पाणी दाखवत होता. म्हातारीचा आवाज त्यानं मान वर न करता ओळखला असणार, कारण बादली त्याच्या हातातून खाली आली आणि तो वळायच्या आधीच भिंतीला टेकला. वाळला होता. मिशी नव्हती.

मामा उतरले. मधे चार पावलं अंतर ठेवून उभे राहिले.

"आनंदा, तेल गळतंय."

दादानं एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा त्यांच्याकडं. "दुसऱ्याला दाखवा मामा. मी काम सोडलंय."

"तूच बघ."

"मला जमायचं न्हाई."

"जमंल. तूच बघायला पायजे."

दादाला वाटलं, हे जखमेवर मीठ चोळायला आलेत. त्याच्या तोंडावर ते स्वच्छ दिसत होतं. मलाही तोवर तेच वाटत होतं. तरी तो निघाला. शिक्षा भोगायला निघाल्यासारखा खाली बसला, पाठीवर झाला आणि गाडीखाली सरकला. बाहेर फक्त त्याचे पाय राहिले. टाचांच्या भेगांत शेण होतं, पूर्वी तिथं ग्रीस असायचं.

"सील बघू नगं," मामा म्हणाले. "मधल्या गोळ्यावर, वरच्या अंगाला हात घाल. नळीच्या मागं."

म्हैस पाणी पीत होती.

मग दादा आतून म्हणाला, "मालन, तार दे."

खिळ्याला बारीक तारेचं वेटोळं अडकवलेलं होतं. मी ते त्याच्या हातात दिलं. खरवडल्याचा आवाज आला, टोचल्याचा आला. आणि मग हवा सुटली. सायकलची ट्यूब सोडल्यावर येतो तसा, बारीक, लांब फुत्कार. मामांना गाडी तापवून का आणायची होती ते मला तेव्हा कळलं. थंड गाडीत हा आवाज आला नसता. त्यांना तो दादाला ऐकवायचा होता. स्वतःच्या तोंडानं सांगायची हिंमत त्यांच्यात नव्हती, म्हणून ते गाडीला घेऊन आले होते.

तो आवाज संपला. एवढुशा वाऱ्यापायी माझा नवरा गेला होता.

"मामा," दादा खालून म्हणाला, "ह्यावर रंग हाय."

"व्हय."

"खंडेनवमीचा."

"व्हय."

"तुम्ही दिलेला."

"मीच. दुसरं कोण देतंय?" मामांनी बोनेटवर हात टेकला. "सील तुझं चांगलं होतं आनंदा. दोन्ही येळंला. तुझं सील चांगलं होतं."

माझ्या छातीवरचा दगड असा उतरला की मला हसू फुटेल की काय अशी भीती वाटली. आता दादा बाहेर येईल, रागानं बोलेल, रडेल, मामांची गचांडी धरेल. काहीही करू दे. मला माझा भाऊ परत मिळाला होता. मी त्याच्या पायांकडं बघत राहिले.

तो बाहेर आला नाही.

मी वाकले. तो तसाच उताणा पडला होता. तार छातीवर, डोळे त्या पितळी टोपीवर.

"दादा, बाहेर ये की."

"दोनदा मी हिच्याखाली असाच पडलो होतो, मालन," तो म्हणाला. "आपल्या आबांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, सील गळालं की आधी टोपी बघायची. जयवंत म्हणाला, सांजच्याला गाडी पायजे, भाडं हाय. मी सील बदललं आणि हात पुसलं. वर हात फिरवलाच न्हाई. दोन्ही येळंला न्हाई. वर्षभर मला वाटत होतं सील वाकडं बसलं असंल. सील कशाला वाकडं बसंल? मीच बघितलं न्हाई."

"तसं न्हाई दादा. रंग त्यांनी..."

"मला दिसायला पायजे होतं."

मला वाटलं होतं, खरं कळलं की एकाचं ओझं उतरेल. ते उतरलं नाही, दोघांत वाटलं गेलं, आणि वाटूनही कुणाच्याच डोक्यावरचं कमी झालं नाही. मी रडायला लागले, आणि पहिल्यांदाच मला कळत होतं की मी कुणाकुणासाठी रडतेय.

तेव्हा मामांनी डोक्यावरची गांधी टोपी काढून पायरीवर ठेवली. त्यांच्या वयाला खाली बसायलाच वेळ लागला. मग ते पाठीवर झाले आणि ढुंगण सरकवत गाडीखाली गेले, दादाच्या शेजारी. धोतर पुन्हा तेलात. मला फक्त चार पाय दिसत होते. आत ते काय बोलले ते मला ऐकू आलं नाही, आणि मी पुढं कधी विचारलंही नाही. म्हशीनं बादली उलटी केली, तरी कुणी उठलं नाही.

परत येताना गाडी दादानं चालवली. ड्रम धुतलेले, लायनर बदललेले, ब्रेक चारी चाकांना लागत होता. वेशीवर तो उतरला. आत्तींनी बोलावल्याशिवाय घरात येणार नाही म्हणाला आणि एस.टी.नं परत गेला.

खंडेनवमीला मामांनी गाडी धुतली. हार घातला, हळदीकुंकू लावलं. आत्ती निरांजन घेऊन बाहेर आल्या. त्यांची नजर पडवीतल्या डब्यावर गेली.

"औंदा खालनं रंग न्हाई दिला?" त्यांनी सहज विचारलं.

मी मामांकडं पाहिलं. आत्तींना माहीत असण्याचं काही कारण नव्हतं. गाडीचं काम झालं, एवढंच त्यांना ठाऊक होतं. दादाचं नाव मी मोकळं करेनच, पण आज नको, नंतर कधीतरी हळूच सांगू, असं मी ठरवलं होतं. मामा गप्प राहिले असते तरी मी त्या क्षणी बोलले नसते.

"न्हाई दिला," मामा म्हणाले. "गेल्या साली दिला, त्यानंच जयवंत गेला." आणि मग हातातला नारळ तसाच धरून त्यांनी टोपीचं, हवेचं, सगळं सांगितलं. आत्तींना समजेल अशा भाषेत, सावकाश.

आत्तींनी शेवटपर्यंत ऐकलं. मग निरांजनाची वात दोन बोटांत धरून विझवली आणि ताट आत नेऊन ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दसरा. सकाळीच आत्तींनी मला पाठवलं आणि संध्याकाळपर्यंत दादाला बोलावून घेतलं. त्यांनी आदल्या माघात फेकलेली साडी त्याच्या पिशवीत तशीच घडीत होती. त्यानं ती माझ्या हातात दिली आणि आपट्याचं सोनं देऊन आत्तींच्या पायावर डोकं ठेवलं. त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, "उपाशी जाऊ नगंस," म्हणाल्या. शेजारपाजारचे आले, त्यांचं सोनं घेतलं. माझं घेतलं.

सगळ्यांत शेवटी मामा पुढं आले. आपट्याचं पान चिमटीत धरून त्यांनी हात पुढं केला. आत्ती त्यांच्या अंगावरून चहा ठेवायला आत गेल्या. त्यानंतर त्या आठ वर्षं जगल्या. मामांचं जेवणखाण, औषधपाणी कधी चुकवलं नाही. बोलल्या मात्र नाहीत.

मामांचा हात तसाच पुढं होता. दादानं मान खाली घातली. मी जाऊन ते पान त्यांच्या चिमटीतून काढून घेतलं. त्यांच्या अंगठ्याच्या नखात काळा रंग अजून तसाच होता.